जुनी मोटार आणि विद्यार्थी

विद्यार्थ्याने मोडकळीस आलेली जुनी मोटार घेऊन ती स्वतः उभी करण्याच्या भरीस पडावे काय, असे आम्हांला अलीकडे पालक विचारू लागले आहेत. कामगार संघटनेच्या कचेरीत हा प्रश्न कसा, असे श्रोत्यांना वाटेल. पण जुन्या कारखान्यांतील मिस्त्री कोठे राहतात, हे विचारायला माणसाने दुसरीकडे कोठे जावे?

आपल्याकडे हा मोह बहुधा फियाटचा असतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स कंपनी काढली आणि १९५४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली. १९६४ साली तिची डिलाइट झाली, १९७४ पासून ती पद्मिनी म्हणून ओळखली गेली. २००० सालच्या सुमारास उत्पादन थांबले. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या टॅक्सींतूनही ती गेली. वर्तमानपत्रांनी गाडीला निरोप दिला. तिच्यावर हात बसलेले डेंटर, फिटर कोठे पांगले याची चौकशी फारशी कोणी केली नाही.

आणि खरा प्रश्न त्या हातांचाच आहे. विद्यार्थी इंजिनाला भितो. वस्तुतः १०८९ सीसीचे ते चार सिलिंडरांचे इंजिन साधे. खोलावे, मोजावे, झिजले असेल तर बोअर करून पुन्हा बसवावे. भ्यायचे ते पत्र्याला. या गाडीला वेगळी चासी नाही. तळाचा पत्रा, दारांखालच्या पोकळ पट्ट्या आणि खांब हीच तिची हाडे. पाणी साचते तेथेच आणि गंज धरतो तोही तेथेच. वरून रंग चकचकीत असतो. हा पत्रा आतून आधार न देता कापला की सांगाडा खचतो, मग दारे काही केल्या नीट लागत नाहीत. आधार कोठे द्यावा, कोणता तुकडा आधी काढावा, हे पुस्तकात अर्धे सापडते. उरलेले जुन्या डेंटरच्या बोटांत असते, आणि तो आता म्हातारा झाला आहे.

अमेरिकेत कॅन्सस राज्यातील मॅक्फर्सन महाविद्यालयाने यावर वाट काढली. एका संग्राहकाने दिलेल्या जुन्या मोटारींवर १९७६ साली तेथे हे शिक्षण सुरू झाले; २००३ पासून त्याची चार वर्षांची पदवी आहे. तेथील विद्यार्थ्यांनी १९५३ सालची मर्सिडीज ३०० एस उभी केली आणि २०२३ साली पेबल बीचच्या प्रदर्शनात तिने आपल्या वर्गात दुसरा क्रमांक मिळवला. एक तुकडी बाहेर पडली की पुढची तुकडी काम हाती घेई. एकटा मुलगा मात्र सुटीत गाडी खोलतो, परीक्षा येते, नटबोल्ट डब्यांत राहतात आणि सांगाडा भंगारवाल्याकडे जातो.

म्हणून आमचे मत असे, की काम घ्यावे. पण चौघापाचांनी मिळून, आणि जुना मिस्त्री रोजंदारीवर ठेवून. त्याला चहा पाजून विद्या काढून घेणे आम्हांला मुळीच मंजूर नाही. रोजी परवडत नसेल तर गाडीही परवडत नाही. खर्चात सरकारी बाबही धरावी: २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरील, मूळ रूपातील गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नवी नोंदणी करायला २०,००० रुपये पडतात, आणि अशी गाडी रोजच्या वापरास चालत नाही.

सौदा ठरवण्यापूर्वी मिस्त्रीला बरोबर न्यावे, पायांखालचे रबर उचलावे आणि तळ त्याला ठोकून पाहू द्यावा. तो नको म्हणाला, तर विसार न देता परत यावे.