राणी हिराईने बांधलेली समाधी आणि तिथली बाग

मैत्रिणींनो, चंद्रपुरात निवांत बसायला जागा कुठे, असं विचारलं की बहुतेक जणी रामाळा तलावाचं नाव घेतात. मी मात्र अंचलेश्वर गेटजवळच्या गोंड राजांच्या समाधीस्थळाचं घेते. कागदोपत्री ते पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक. आपल्यासाठी ती झाडांची, हिरवळीची छोटी बागच.

तिथली सगळ्यात मोठी समाधी राजा बीरशहाची. 1704 च्या सुमारास तो मारला गेला. राणी हिराईला मुलगा नव्हता. तिने चंदनखेड्याच्या नात्यातला रामशहा दत्तक घेतला आणि तो लहान असेपर्यंत राज्याचा कारभार स्वतः पाहिला. ही समाधी तिनेच बांधवली, महाकालीचं मंदिरही तिचंच काम. नवऱ्याने बायकोसाठी बांधलेला ताजमहाल पाहायला आपण आग्र्याला जातो. बायकोने नवऱ्यासाठी बांधलेली ही वास्तू गावातच आहे, आणि किती जणींनी मुलांना दाखवली आहे?

चैत्रात महाकालीची यात्रा भरते. नांदेड, परभणी, तेलंगणातून बायका डोक्यावर गाठोडी घेऊन येतात, झरपट नदीवर उतरतात. त्या दिवसांत हा सगळा भाग त्यांचाच असतो.

2017 मध्ये इको-प्रोच्या मुलांनी दोनशे दिवस राबून किल्ल्याचा परकोट साफ केला. पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचं कौतुक केलं. तेव्हापासून किल्ल्यावर हेरिटेज वॉकही होतो. तरी समाधीच्या दगडावर नावं कोरणारे आणि चौथऱ्यावर वेफर्सची पाकिटं टाकणारे आहेतच. गोंड समाजासाठी ही पूर्वजांची जागा आहे, ते इथे माथा टेकायला येतात. शेजारी कुणी चपला घालून चौथऱ्यावर सेल्फी काढत असेल तर त्यांना कसं वाटत असेल?

इथे झोपाळे हवेत, खाऊची दुकानं हवीत, असंही मी ऐकते. मला ते पटत नाही. तसंही संरक्षित स्मारकापासून 100 मीटरच्या आत नवं बांधकाम कायद्याने करता येत नाही. मुलांना खेळायला आझाद बगीचा आहे. इथे प्यायचं पाणी आणि बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह असलं, एवढं मागणं मात्र रास्त आहे.

जायचं तर सकाळी लवकर जा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दहानंतर त्या दगडावर हात ठेववत नाही.