तिसगाव

तिसगाव हे अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील पाथर्डी तालुक्यातले बाजारपेठेचे गाव. नगरहून पाथर्डीकडे जाताना करंजी घाट उतरल्यावर ते लागते. हा रस्ता कल्याण–निर्मल राष्ट्रीय महामार्गाचा (क्र. ६१, पूर्वीचा २२२) भाग आहे. गावाच्या दक्षिणेला गर्भगिरीचे डोंगर आहेत. बालाघाटाच्या या फाट्यावर गोदावरीचे आणि सीना-भीमेचे पाणी वेगळे होते. पाऊस बेताचा आणि जमीन हलकी, त्यामुळे तालुक्यातली पुष्कळ कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात. परगावच्या माणसाला मात्र तिसगाव ठाऊक असते ते मढी, वृद्धेश्वर आणि मायंबा या नाथस्थानांच्या वाटेवरचा थांबा म्हणून.

नगरकडून येणाऱ्याला शहर सोडल्यावर थोड्याच वेळात शाह डोंगराच्या माथ्यावर एक अष्टकोनी तिमजली इमारत दिसते. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. वास्तविक ती मुर्तझा निजामशाहाचा (कारकीर्द १५६५–८८) मंत्री दुसरा सलाबतखान याची कबर. १५९५–९६ मध्ये मोगलांविरुद्ध नगरचा किल्ला लढवणाऱ्या चांदबिबीचे नाव लोकांनी तिला प्रेमाने चिकटवले. तळघरात कबरी आहेत आणि वरच्या मजल्यांवरून साऱ्या मुलखावर नजर फिरते. घाई नसेल तर हा डोंगर चढून मगच तिसगावकडे निघावे.

तिसगावपासून काही किलोमीटरवर मढी आहे. कानिफनाथांचे हे समाधिस्थान टेकडीवर बांधलेले असून लांबून ते देऊळ न वाटता गढीच वाटते. दगडी तट, भक्कम दरवाजा, वर चढत जाणाऱ्या पायऱ्या आणि पायथ्याशी बारव असे त्याचे रूप आहे. आत समाधी आहे, आणि नाथांच्या ध्यानाची जागा म्हणून दाखवले जाणारे भुयारही आहे. त्यात अंग चोरूनच उतरावे लागते. आवारात डाळिंबाचे झाड असून त्याखाली नाथांची शिष्या डालीबाई हिची समाधी असल्याचे मानतात. नवस बोलणारे या झाडाला नाडा बांधतात. मुसलमान भाविक याच स्थानाला शाह रमजान माही सवार यांचे स्थान मानत आले.

तटाच्या बांधकामाची कथा संभाजी महाराजांच्या पत्नी येसूबाई यांच्याशी जोडलेली आहे. १६८९ मध्ये रायगड पडला आणि त्या आपल्या लहानग्या मुलासह, शाहूंसह, मोगलांच्या कैदेत गेल्या. शाहू सुटला तर गड बांधीन, असा नवस त्यांनी कानिफनाथांना केला आणि पुढे शाहू छत्रपतींच्या काळात तो फेडला गेला, अशी परंपरा सांगते. या कथेला भूगोलाचा आधार आहे. १७०६ च्या आरंभी औरंगजेबाची छावणी नगरला आली आणि ३ मार्च १७०७ रोजी तो तिथेच, भिंगारला वारला. त्या अखेरच्या वर्षात हे राजकैदीही छावणीबरोबर होते आणि मढी तिथून पायी फार तर दोन दिवसांची वाट. शाहूंची सुटका १७०७ मध्येच झाली. येसूबाई १७१९ मध्ये परतल्या. नवसाला कागदाचा पुरावा नसला तरी तो याच मुलखातल्या देवाला बोलला गेला, यात नवल वाटत नाही.

परंपरेचा दुसरा भाग अधिक मोलाचा आहे. दगड वाहिले, रचले, चुना मळला तो भटक्या जातीजमातींनी : गोपाळ, बेलदार, कैकाडी, वैदू, कोल्हाटी. त्या कष्टाची आठवण त्यांच्या मानातून टिकली आहे. होळी पेटवण्याचा मान गोपाळांचा, तर कळसाला टेकवायची मानाची काठी कैकाड्यांची. मढीला ‘भटक्यांची पंढरी’ म्हणतात ते यामुळेच. वास्तू उभारणाऱ्या राजाचे नाव सगळीकडेच उरते. दगड वाहणाऱ्यांचा हक्क वर्षानुवर्षे असा सर्वांदेखत मान्य होण्याची उदाहरणे महाराष्ट्रात थोडीच सापडतील. म्हणून तटाइतकाच हा मानही ऐतिहासिक ठेवा समजायला हवा.

यात्रा होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालते आणि रंगपंचमी, म्हणजे फाल्गुन वद्य पंचमी, हा तिचा मुख्य दिवस. समाधीला तेल लावण्याचा विधी झाला की ग्रामस्थ व्रत पाळतात; तळण बंद, लग्नकार्य बंद, पलंगावर झोपणेही बंद. नाथांना मलिद्याचा नैवेद्य असतो, आणि इथली रेवडी घेतल्याशिवाय कोणी घरी जात नाही. यात्रेतला गाढवांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. गिऱ्हाईक गाढवाचा जबडा उघडून आधी दात पाहते : दोन दातांचे ते दुवान, चार दातांचे चौवान. वीटभट्टीवर आणि मातीकामावर ज्यांचे पोट आहे, ते त्यावर किंमत ठरवतात. थोराड, पांढरे काठेवाडी जनावर गावरानापेक्षा महाग जाते. पूर्वी याच काळात जातपंचायती बसत आणि वाळीत टाकण्याचे निवाडे होत. माणसांची आयुष्ये त्यात होरपळली. सामाजिक बहिष्काराला बंदी घालणारा राज्याचा कायदा २०१७ मध्ये लागू झाला, तो फार उशिरा आला असेच म्हणावे लागते.

वृद्धेश्वर हे शिवस्थान घाटशिरसजवळ डोंगराच्या कुशीत आहे. नाथांच्या मेळ्यात शंकर म्हाताऱ्याच्या रूपाने आले, अशी कथा असल्याने गावकरी त्याला म्हातारदेव म्हणतात. महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी इथे गर्दी होते. तालुक्यातल्या सहकारी साखर कारखान्यालाही याच देवाचे नाव आहे. सोन्याची वीट फेकून देणाऱ्या गोरक्षनाथांनी डोंगरच सोन्याचा केला, ती कथाही गर्भगिरीचीच. मायंबा, म्हणजे मच्छिंद्रनाथांचे समाधिस्थान, डोंगरापलीकडे सावरगावला असून बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात येते. पण भाविक जिल्ह्याची हद्द मानत नाहीत आणि मढी व मायंबा एकाच दिवसात करतात.

तिसगावला नगर आणि पाथर्डी या दोन्हीकडून एसटी मिळते. तट, बारव आणि भुयार निवांत पाहायचे असल्यास पावसाळा सरताना, डोंगर हिरवे असताना यावे. मात्र मानाची काठी कळसाला टेकलेली पाहायची असेल, तर यात्रेच्या गर्दीला पर्याय नाही.