वर्गणीतून आलेले पदक

पोळा झाला, दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार झाली, की तीनच दिवसांनी बाप्पा घरी येतात. त्याआधी वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन आम्ही घरोघरी फिरतो. कुणी हसत देतो, कुणी उद्या या म्हणतो. अशाच वर्गणीच्या बळावर स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळाले, हे मुलांना सांगावे म्हणून हा लेख.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वर गावी झाला. वडीलही पैलवान. कराडच्या टिळक हायस्कूलनंतर खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात गेले. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. जन्मभर तांबड्या मातीत घुमलेला हा गडी तिथे गादीवर उतरला आणि तरीही फ्लायवेट गटात सहावा आला.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला पैशांचाच प्रश्न उभा राहिला. गावकऱ्यांनी घरोघरी वर्गणी जमवली. प्राचार्य खर्डेकरांनी तर स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. विद्यार्थ्यासाठी घर गहाण ठेवणारा असा गुरू विरळाच!

हेलसिंकीत खाशाबा बँटमवेट गटात खेळले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी हरवले. जपानच्या इशीई आणि रशियाच्या मामेदबेकोव यांच्याशी मात्र ते हरले. लागोपाठच्या लढतींत पुरेशी विश्रांती मिळाली नाही आणि हरकत घ्यायला आपला अधिकारी जागेवर नव्हता, असे सांगतात. तरी कांस्यपदक हाती आले. त्या वर्षी हॉकीचे सुवर्णही मिळाले, पण ते संघाचे. एकट्याच्या बळावर मिळालेले पुढचे पदक १९९६ साली लिअँडर पेसने आणले. मधे ४४ वर्षे गेली.

कराडला बैलगाड्यांची मोठी मिरवणूक निघाली. पण मिरवणूक संपली तरी गुरूचे घर गहाणच होते. तेव्हा खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे फड भरवले, स्वतः लढले आणि त्या कमाईतून प्राचार्यांचे पैसे फेडले. नामांकित मल्ल म्हणून त्यांना पुढेही फड गाजवता आले असते. त्यांनी १९५५ मध्ये पोलीस खात्यात फौजदाराची नोकरी धरली. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. २०१० मध्ये दिल्लीच्या कुस्ती स्टेडियमला त्यांचे नाव दिले गेले.

हे पदक आले तेव्हा नागपूर आपल्या मध्य प्रदेशची राजधानी होती. १९५६ मध्ये विदर्भ पलीकडे गेला, आपण अलीकडे राहिलो. पण आपली भाषा, आपला पोळा, जामसावळीचा मारुती आणि मातीतली कुस्ती कुठल्याच सीमेने अडली नाही. म्हणून खाशाबा आपलेही आहेत.

आपल्या गल्लीतही एखादा पोरगा पहाटे जोर-बैठका मारत असेल. त्याच्या दुधा-बदामाचा खुराक घरच्यांना झेपतो का, हे आपण कधी विचारले आहे का? मांडवाच्या रोषणाईतून थोडे वाचवून ते त्याच्या हाती ठेवले, तर बाप्पा नक्कीच रागावणार नाही.

गणपती बाप्पा मोरया!