पैनगंगेच्या पाण्यावर आजोबा आणि नातवंडे

वसई-उत्तनच्या किनाऱ्यावर ज्यांचे बालपण गेले, त्यांना होडी म्हटले की समुद्र आठवतो. आजोबांच्या मांडीला टेकून पहिल्यांदा होडीत बसल्याची आठवण आपल्या कित्येक घरांत आजही सांगितली जाते. परंतु समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या यवतमाळ जिल्ह्यातही आजोबा नातवंडांना नावेत घालून मासेमारीला नेतात, हे आपल्या वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. यवतमाळ म्हणजे कापूस, आणि अलीकडच्या दशकांत शेतकऱ्यांच्या आत्महत्या, एवढीच त्या जिल्ह्याची ओळख बाहेर पोहोचली आहे. तेथील पाण्यालाही इतिहास आहे. तो कागदावर फारसा उतरला नाही. एका पिढीने दुसऱ्या पिढीला तो नावेत बसवून सांगितला.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात पुसद तालुक्याच्या सीमेवरील इसापूर धरणाच्या जलाशयावर आम्ही असाच एक वर्ग भरलेला पाहिला. भोई समाजातील एक वृद्ध गृहस्थ शाळेच्या सुटीत आलेल्या आपल्या तिघा नातवंडांना घेऊन भल्या पहाटे निघाले होते. नाव लहान होती. त्यांनी आग्रह केला म्हणून आम्हीही टोकाला बसलो. मुले उभी राहून पाण्यात वाकू लागताच आजोबा दरडावले, “पोट्टेहो, आधी खाली बसा, मंग पाहा!” पुढचा तासभर त्यांनी गळ टाकण्यापेक्षा बोटाने दाखविण्याचेच काम अधिक केले. पाणी ओसरलेल्या काठाकडे, मग जलाशयाच्या मध्याकडे हात करून ते म्हणाले, “इथून नदी वाहे. तिथं डोह होता. त्या तिकडं आपला उतार होता.” मुलांच्या डोळ्यांसमोर मात्र एक सपाट, निश्चल पाणी होते. आजोबांना दिसणारी नदी त्यांना दिसत नव्हती.

ही नदी पैनगंगा. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून ती पूर्वेकडे वाहते. पूस, अडाण, अरुणावती यांचे पाणी अखेर तिच्यातच येते. पुढे ती वर्धेला मिळते आणि हे सारे पाणी प्राणहितेवाटे गोदावरीत जाते. पैनगंगा पुष्कळ काळ दोन राज्यांची सीमा होती. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. तेव्हापासून १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत उत्तर काठावर एक अंमल आणि दक्षिण काठावर निजामी अंमल, अशी स्थिती होती. मासा अर्थातच सीमा मानीत नव्हता. नावाड्यांचे सोयरेही दोन्ही काठांवर असत. १९५६ साली इसापूरकडचे दोन्ही काठ द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १९६० पासून ते महाराष्ट्रात आहेत. राज्ये बदलली, पण लोकांना पलीकडे नेणारी नाव त्याच हातांत राहिली.

ते हात भोई, ढिवर, कहार अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या समाजाचे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात या लोकांचे व्यवसाय म्हणून मासेमारी, पालखी वाहणे, पाणी भरणे आणि तळ्यांत शिंगाड्याची लागवड करणे यांची नोंद आढळते. यांतील एकेक व्यवसाय काळाने हिरावून घेतला. सडका झाल्या, कापसासाठी मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंद रुळांची आगगाडी सुरू झाली, पालखी केवळ देवाची उरली. नद्यांवर पूल झाले तसे उतार ओस पडले. नळ आले, पाणी भरण्याचे काम गेले. राहिली ती मासेमारी. आज महाराष्ट्रात भोई समाजाची गणना भटक्या जमातींत होते. ज्यांचे जीवन एका नदीच्या काठाशी बांधलेले होते, त्यांना सरकारी यादीत ‘भटके’ म्हणावे, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे.

नदीवरील मासेमारीला शाळा नव्हती. शिक्षण नावेतच होई. कोणत्या डोहात मरळ राहते, वाम कोणत्या कपारीत शिरते, झिंग्यांसाठी पाण्यात कोठे हात घालावा आणि कोठे घालू नये, हे सारे आजोबांकडून नातवाकडे जाई. बाप कामाच्या ओढीत असे. शिकविण्याइतकी सवड आजोबांनाच. या शिक्षणात संयमाचाही धडा होता. पावसाळ्याच्या पहिल्या पुरात मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या उलट चढू लागतात. हे चढणीचे मासे पकडणे अतिशय सोपे. नेमके म्हणूनच जाणती माणसे त्या दिवसांत हात आखडता घेत, असे आजोबांनी मुलांना सांगितले. “आज आई मारली, तर उद्या पिल्लू कुठून येईल?” पाण्यात सुरुंग फोडून किंवा विष कालवून मासे मारण्यास १८९७ च्या कायद्याने बंदी केली. कायदा सव्वाशे वर्षांचा झाला, तरी असे प्रकार समूळ थांबलेले नाहीत. नावेत शिकविलेला नियम जेथे विसरला जातो, तेथे कागदावरचा नियम एकटा पुरा पडत नाही.

मग धरणे आली. पुसदजवळ पूस, पैनगंगेवर इसापूर, दिग्रसजवळ अरुणावती, बाभूळगाव तालुक्यात बेंबळा अशी एकामागून एक कामे गेल्या अर्धशतकात झाली. एकट्या इसापूरचा उपयुक्त साठा सुमारे ९६४ दशलक्ष घनमीटर आहे. त्याच्या कालव्यांनी हिंगोली, नांदेड व यवतमाळ या तीन जिल्ह्यांतील शेती भिजते, आणि कोरडवाहू मुलखात पाण्याचे मोल काय असते हे आम्ही सांगायला नको. परंतु प्रत्येक लाभाची किंमत कोणीतरी चुकविलेली असते. धरणाच्या भिंतीने माशांची चढण तोडली. डोह, कपारी, उतार यांची माहिती एका रात्रीत निरुपयोगी झाली. पन्नास वर्षे नदी वाचलेल्या माणसाला तलावाच्या काठी पुन्हा मुळाक्षरे गिरवावी लागली.

जलाशयातले मासेही वेगळे. कटला, रोहू व मृगळ हे प्रामुख्याने उत्तरेकडील गंगेसारख्या मोठ्या नद्यांच्या खोऱ्यांतले. ते साठलेल्या पाण्यात वाढतात, पण अंडी घालण्यासाठी त्यांना वाहता पूर लागतो. त्यामुळे त्यांचे बीज पूर्वी नद्यांतूनच गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी माशाच्याच पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून मत्स्यप्रजनन यशस्वी केले. तेथून बीजकेंद्रांत बोटुकली तयार करून तलावांत सोडण्याचा मार्ग खुला झाला. तो दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. त्या सकाळी आजोबांनी नातीला विचारले, “कटला कुठं चरते?” तिने उत्तर दिले, “वर.” “रोहू?” “मध्ये.” “मृगळ?” “तळाशी.” आजोबा हसले. नवा धडा त्यांनी म्हातारपणी शिकून घेतला होता आणि तोही पुढे दिला होता. नातीच्या गळाला मात्र त्या दिवशी लागली ती चिलापी, म्हणजे १९५२ साली परदेशातून भारतात आणलेला तिलापिया. आपल्या लहानपणी हा मासा नव्हता, एवढेच आजोबा म्हणाले. मुलीचा आनंद त्यांनी कमी होऊ दिला नाही.

नदी कोणाचीच नव्हती, म्हणून ती सर्वांची होती. तलाव ठेक्याने दिला जातो. मच्छीमारांच्या सहकारी संस्था त्यासाठीच उभ्या राहिल्या. जेथे त्या सभासदांच्या हाती राहिल्या, तेथे चार घरे सावरली. जेथे ठेका नावापुरता संस्थेचा आणि पैसा दुसऱ्याचा, तेथे पूर्वीचा नावाडी मजूर झाला. हा प्रश्न अजून मिटलेला नाही. १९९७ साली मान्यता मिळालेला निम्न पैनगंगा प्रकल्प बुडीत गावांच्या विरोधामुळे दीर्घकाळ रखडला, हेही येथे ध्यानात ठेवावे.

एक गोष्ट सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यातील वरूड तालुक्यात, झुंज येथे, वर्धा नदीत नाव उलटून अकरा जण बुडाले. ही माणसे नात्यातली होती आणि एका दुःखद विधीनंतर एकत्र जमली होती. तीच वर्धा पुढे यवतमाळची पूर्व सीमा होते. कुटुंबाने नावेतून जावे, अवश्य जावे. पण नावेत किती माणसे बसतील हा निर्णय हौसेने करायचा नसतो. आमच्या आजोबांनी निघताना दोन शेजारच्या मुलांना काठावरच थांबविले होते. “तुमाले दुसऱ्या खेपेत नेतो,” म्हणाले, आणि नेलेही. आज त्याच्या जोडीला प्रत्येक मुलाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट हवे.

परतताना आम्ही त्यांना विचारले, “मुले हा धंदा करतील का?” त्यांनी वल्हे थांबविले नाही. “शिकतील, नोकरीले लागतील. लागावंच. पण आपण कोण्या पान्यावर जगलो, हे त्याईले ठाऊक असावं.” या उत्तरात आम्हाला इतिहासाची व्याख्याच सापडली. राजांच्या आणि तहांच्या नोंदी दफ्तरांत सुरक्षित आहेत. बुडालेल्या डोहाचे नाव मात्र एका वृद्धाच्या तोंडी तेवढे उरले आहे, आणि ते ऐकायला मुले वर्षातून एकदाच, सुटीत येतात.

नाव काठाला लागली. आजोबांनी सर्वांत लहान नातवाला उचलून आधी खाली ठेवले आणि विचारले, “उतार कुठं होता?” पोराने क्षणभर पाण्याकडे पाहिले आणि बरोबर त्या बाजूला बोट केले.