युवक-संघटनांतील समलैंगिक नेतृत्वाचा प्रश्न

युवक-संघटनांतील समलैंगिक नेतृत्वाचा प्रश्न : मुले व तरुण यांच्यात काम करणाऱ्या स्वयंसेवी संघटनेने पथकनायक, शिबिरप्रमुख किंवा मार्गदर्शक या पदांपासून एखाद्या व्यक्तीला, ती समलैंगिक आहे, म्हणजे तिला आपल्याच लिंगाच्या व्यक्तीविषयी प्रेम व लैंगिक आकर्षण वाटते, एवढ्याच कारणाने दूर ठेवावे काय आणि कायद्याने तसे करू द्यावे काय, यासंबंधीचा वाद. या वादात दोन हक्क समोरासमोर येतात. समविचारी माणसांनी एकत्र येऊन आपले सभासद व पदाधिकारी स्वतः ठरवावेत, हा संघटनास्वातंत्र्याचा हक्क एका बाजूस असतो. माणसाने निवडलेल्या नसलेल्या स्वभावविशेषापायी त्याला कमी लेखले जाऊ नये, हा समतेचा हक्क दुसऱ्या बाजूस असतो. मुलांच्या सुरक्षिततेचा मुद्दाही हटकून पुढे केला जातो आणि सर्वाधिक गैरसमज त्याच्याच भोवती आहेत.

या प्रश्नावरील सर्वांत गाजलेला खटला अमेरिकेतला आहे. न्यू जर्सी राज्यातील जेम्स डेल हे बालवीर चळवळीत लहानाचे मोठे झाले आणि पुढे साहाय्यक पथकनायक झाले; विद्यापीठातील समलैंगिक विद्यार्थ्यांच्या संघटनेचे पदाधिकारी म्हणून त्यांचे नाव वृत्तपत्रात येताच १९९० मध्ये अमेरिकेच्या बॉय स्काउट संघटनेने त्यांचे सभासदत्व काढून घेतले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने डेल यांच्या बाजूने निकाल दिला. परंतु २८ जून २००० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा बहुमताने तो फिरविला. संघटनेला जो विचार मांडायचा आहे त्याला बाधा येईल अशी व्यक्ती नेतृत्वात घेण्याची सक्ती करणे हा तिच्या अभिव्यक्तीवरील घाला होय, असे बहुमताचे म्हणणे होते. बरोबर दहा वर्षांनी, २८ जून २०१० रोजी, त्याच न्यायालयाने कॅलिफोर्नियातील एका सरकारी विधी महाविद्यालयाच्या खटल्यात वेगळी मर्यादा आखून दिली : संस्थेची मान्यता व निधी हवा असलेल्या विद्यार्थी-मंडळाने सर्वांना प्रवेश दिला पाहिजे, अशी अट महाविद्यालय घालू शकते. हे दोन निकाल एकत्र वाचले, तर खाजगी संघटनेला दार लावून घेता येते, पण सार्वजनिक पैशावर व सार्वजनिक जागेत तिला तसे करता येईलच असे नाही, हा भेद हाती येतो. बॉय स्काउट संघटनेने २०१३ मध्ये समलैंगिक मुलांवरील आणि जुलै २०१५ मध्ये प्रौढ नेत्यांवरील बंदी स्वतःहून उठविली; धार्मिक संस्थांनी चालविलेल्या पथकांना मात्र आपले नेते आपल्या श्रद्धेनुसार निवडण्याची मोकळीक ठेवली.

भारतात हा वाद अशा एका खटल्याच्या रूपाने उभा राहिलेला नाही. त्याची सामग्री वेगवेगळ्या निकालांत विखुरलेली आहे. संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(ग) अन्वये नागरिकांना संघटना स्थापण्याचा हक्क आहे. हिंदी साहित्य संमेलनाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये असे ठरविले, की संस्थापकांनी स्वेच्छेने स्वीकारलेल्या सभासदांसह संघटना चालू ठेवणे हाही त्या हक्काचाच भाग आहे. २००५ मध्ये गुजरातमधील एका पारशी सहकारी गृहनिर्माण संस्थेचा, केवळ पारशांनाच सभासदत्व देणारा उपविधी त्याच न्यायालयाने वैध मानला. याउलट ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेज सिंग जोहर खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठाने भारतीय दंडसंहितेच्या कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे समलैंगिक संबंध वगळले आणि लैंगिक कल हा व्यक्तिमत्त्वाचा गाभा असल्याचे सांगितले. मात्र भेदभावास मनाई करणारा अनुच्छेद १५(१) राज्यसंस्थेला बांधतो, खाजगी मंडळाला नव्हे. तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ चा स्वतंत्र अधिनियम आहे. समलैंगिक पुरुष वा स्त्री यांना खाजगी संस्थेतील भेदभावापासून वाचविणारा तसा अधिनियम नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये रॅगिंगविरोधी विनियमांत लैंगिक कलावरून होणाऱ्या छळाचा समावेश केला खरा, परंतु त्याचे छत्र विद्यार्थ्यांवर आहे. त्यांना शिकविणाऱ्या वा त्यांचे शिबिर चालविणाऱ्या माणसावर नाही.

हा माणूस उघड्यावर पडला तर काय होते, याचे मराठी वाचकाला सर्वांत जवळचे आणि सर्वांत वेदनादायक उदाहरण म्हणजे डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस यांचे. नागपूरचे सिरस अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक व आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख होते. त्यांच्या ‘पाया खालची हिरवळ’ या कवितासंग्रहास २००२ मध्ये महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. ८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री काही जण कॅमेरा घेऊन त्यांच्या विद्यापीठातील निवासस्थानी घुसले आणि एका प्रौढ पुरुषासोबत असताना त्यांचे चित्रीकरण केले. घुसखोरी करणारे ते होते, पण विद्यापीठाने दुसऱ्याच दिवशी निलंबित केले ते सिरस यांना, आणि घर सोडण्यासही फर्माविले. दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांचे खाजगीतील संमतीचे समलैंगिक संबंध गुन्हा नसल्याचा निकाल त्याआधी सातच महिने, २ जुलै २००९ रोजी, दिलेला होता. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१० रोजी निलंबनास स्थगिती दिली. ७ एप्रिलला सिरस अलीगढमधील भाड्याच्या खोलीत मृतावस्थेत आढळले. त्यांच्यावरील कारवाई वर्गातील कामगिरीवरून झाली नव्हती. बंद दाराआड ते कोण आहेत यावरून, तरुणांचा मार्गदर्शक म्हणून त्यांची योग्यता काढून घेण्यात आली होती, आणि प्रस्तुत वादाचा गाभा तोच आहे.

महाराष्ट्रात तरुणांचे संघटन अनेक थरांवर होते. १९२५ मध्ये नागपुरात स्थापन झालेला राष्ट्रीय स्वयंसेवक संघ आणि १९४१ मध्ये उभे राहिलेले राष्ट्र सेवा दल या परस्परविरुद्ध विचारांच्या संघटना त्यांत ठळक आहेत. सरसंघचालक मोहन भागवत यांनी जानेवारी २०२३ मधील एका मुलाखतीत महाभारतातील जरासंधाचे सेनापती हंस व डिंभक यांचा दाखला देऊन, असे लोक समाजात पूर्वीपासून आहेत व त्यांनाही समाजात स्थान असावे, असे म्हटले होते. स्थान असणे आणि तरुणांपुढे नायक म्हणून उभे राहणे यांत मात्र अंतर आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठण रस्त्यावरचे, कारखान्यांमुळे वाढलेले चितेगाव किंवा तशी इतर गावे घेतली, तर तिथे तरुणांचा संबंध गणेश मंडळ, जयंती उत्सव समिती, क्रीडा मंडळ, शाळेतील स्काउट-गाइड पथक आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे निवासी शिबिर यांच्याशी येतो. खाजगी शाळेतील शिक्षकाला १९७७ च्या खाजगी शाळा कर्मचारी अधिनियमाचे कवच आहे : चौकशी समितीपुढे आरोप सिद्ध झाल्याविना त्याला बडतर्फ करता येत नाही आणि शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. मंडळाच्या बिनपगारी कार्यकर्त्याला यातले काहीच नसते. त्याला कोणी पत्र देत नाही, कारण सांगत नाही. बैठकीचे बोलावणे येईनासे होते, एवढेच. म्हणून अशा वगळण्याची कागदावर नोंदही सापडत नाही.

सुरक्षिततेच्या युक्तिवादाची तपासणी पुराव्यानेच व्हायला हवी. प्रौढ व्यक्तीचा लैंगिक कल आणि बालकांविषयीचे लैंगिक आकर्षण या निराळ्या गोष्टी आहेत. महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, १३ राज्यांतील पाहणीत ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले होते, आणि अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे मुलांच्या ओळखीचे वा विश्वासाच्या नात्यातले होते. समलैंगिकांवरील बंदीने मुले सुरक्षित होतात काय, याचे उत्तर खुद्द अमेरिकेच्या स्काउट संघटनेच्या इतिहासात आहे : बंदी दशकानुदशके चालू असतानाच तिच्या पथकांत अत्याचार होत राहिले, १९६५ ते १९८५ या काळातील बाराशेहून अधिक गोपनीय धारिका २०१२ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने उघड झाल्या, आणि २०२० मध्ये संघटनेने दिवाळखोरीचा अर्ज केल्यानंतर ८२ हजारांहून अधिक पीडितांनी दावे दाखल केले. संशयाचा रोख ओळखीवर राहिला आणि वर्तनावरची नजर ढळली.

भारतीय कायद्याने हा रोख योग्य ठिकाणी ठेवला आहे. २०१२ चा लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा अधिनियम, म्हणजेच पॉक्सो, मुलगा व मुलगी दोघांनाही संरक्षण देतो, आरोपीचे लिंग वा कल विचारत नाही आणि अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळविण्याचे बंधन घालतो. शिबिरात एकटा प्रौढ व एकटे मूल बंद खोलीत राहू नये, निवासाच्या जागी किमान दोन जबाबदार व्यक्ती असाव्यात, तक्रार कोणाकडे करायची हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगावे, हे नियम स्त्री-पुरुष, विवाहित-अविवाहित, समलैंगिक-विषमलैंगिक अशा प्रत्येक नेत्याला सारखेच लागू करता येतात. एखाद्या पंथाची श्रद्धाच ज्या मंडळाचे प्रयोजन आहे, त्याला आपला धर्मोपदेशक निवडण्याची मुभा राहणे संघटनास्वातंत्र्यात बसते; पण अनुदान घेणाऱ्या, शाळेचे मैदान वापरणाऱ्या आणि सर्व जातिधर्मांच्या मुलांना बोलावणाऱ्या संघटनेला तो आधार घेता येऊ नये. तिच्या पदासाठीची पात्रता, आणि त्या पदावरून दूर करण्याची कारणे, लेखी व वर्तनाशीच निगडित असली पाहिजेत.