‘बाधणे’ आणि ‘न पचणे’ : दूध, देह आणि म्हैसूरच्या प्रयोगशाळा

अन्न आणि देह यांच्यातील तेढ सांगण्यासाठी मराठीत एकच क्रियापद नाही. जे पोटात जाऊन जड होते, गुडगुडते, फुगवते ते ‘पचत नाही’. ज्याची देहाला सवय नाही ते ‘मानवत नाही’. आणि जे खाल्ल्यावर ओठ सुजतात, घसा खवखवतो, अंगावर गांधी उठतात ते ‘बाधते’. या क्रियापदांच्या सीमा रोजच्या बोलण्यात एकमेकींत मिसळतात हे खरे. नासके अन्नही बाधते आणि परगावचे पाणीही बाधते. तरीही अन्नाला पुरे पडण्याची शक्ती देहात नसणे आणि अन्नाने देहावर चाल करणे या दोन कल्पना मराठी भाषेने फार काळ वेगळ्या ठेवल्या होत्या, असे म्हणता येईल. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘ॲलर्जी’ हा शब्द मराठीत रुळला आणि त्याने या दोन्ही कल्पना पोटात घेतल्या. आज दुधाने पोट बिघडणाराही ‘मला दुधाची ॲलर्जी आहे’ असे म्हणतो, आणि दुधाच्या एका घोटाने ज्याचा श्वास कोंडतो तोही तेच म्हणतो. या एकीकरणाची किंमत काय, हे पाहण्यासाठी म्हैसूर हे नगर विशेष उपयुक्त ठरते. भारतीय दुधाचा व भारतीय अन्नबाधेचा अभ्यास या एकाच नगरात, परंतु वेगवेगळ्या काळी आणि वेगवेगळ्या प्रश्नांच्या रोखाने झाला.

प्रथम पारिभाषिक शब्दांचा इतिहास पाहणे आवश्यक आहे. व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये ‘ॲलर्जी’ हा शब्द घडवला. ‘अन्य’ आणि ‘कार्य’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द त्यांनी जोडले. एखाद्या द्रव्याशी पूर्वी संपर्क आल्यामुळे देहाची बदललेली प्रतिक्रिया, एवढाच त्यांना अभिप्रेत असलेला अर्थ होता. हिंदीच्या परिभाषाकारांनी त्याचे ‘प्रत्यूर्जता’ असे रूप केले; त्यात ग्रीक घटनेची छाया स्पष्ट दिसते. मराठी शास्त्रीय लेखनात ‘अधिहृषता’ हा शब्द आला. त्यातील ‘हृष्’ धातू अंगावर काटा येण्याशी, रोमांचाशी निगडित आहे. म्हणजे हिंदी शब्द व्युत्पत्तीकडे पाहतो, तर मराठी शब्द त्वचेकडे. दोहोंपैकी एकही लोकांच्या तोंडी बसला नाही. १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत इशिझाका दांपत्याने व स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिच यांनी ‘आयजीई’ या प्रतिपिंडाचा स्वतंत्रपणे शोध लावला, तेव्हा ॲलर्जीची एक मोजता येणारी खूण हाती आली.

दुधाच्या न पचण्याची कथा जवळजवळ त्याच वर्षांतील, परंतु निराळी आहे. दुधातील शर्करा, म्हणजे लॅक्टोज, फोडण्यासाठी लहान आतड्यात लॅक्टेज नावाचे विकर असते. ते कमी पडले की न फुटलेली शर्करा मोठ्या आतड्यात उतरते, तेथील जीवाणू ती आंबवतात, वायू धरतो, पाणी खेचले जाते आणि पोट बिघडते. या प्रक्रियेत प्रतिपिंडांचा संबंध नाही. ती सर्वस्वी मात्रेवर अवलंबून असते. प्रौढांमध्ये हे विकर उणे असल्याची नोंद १९६३ मध्ये युरोपात झाली. १९६५-६६ मध्ये बाल्टिमोर येथील संशोधकांनी दाखवले, की कृष्णवर्णीय प्रौढांत ही अवस्था सर्रास आढळते आणि श्वेतवर्णीयांत ती क्वचित दिसते. त्या वेळी तिला ‘लॅक्टेजची न्यूनता’ म्हटले गेले. पुढे आशिया, आफ्रिका आणि अमेरिकेतील मूळ रहिवासी यांच्या तपासण्यांतून उलगडत गेले, की जगातील बहुसंख्य माणसांत बालपणानंतर हे विकर ओसरते आणि टिकून राहणे हाच अपवाद आहे. त्यानंतर ‘न्यूनता’ जाऊन ‘लॅक्टेजचे टिकणे’ आणि ‘न टिकणे’ अशी परिभाषा आली. एका शब्दाच्या बदलाने जगातील बहुसंख्य प्रौढ रुग्णांच्या यादीतून बाहेर पडले. परिभाषा कोणत्या देहाला प्रमाण मानते, याचे इतके स्पष्ट उदाहरण विरळाच सापडेल.

म्हैसूर संस्थानातील अन्नसंशोधनाचा आरंभ मात्र शर्करेच्या प्रश्नातून झाला नव्हता. १९३३ मध्ये कमला भागवत, म्हणजेच पुढच्या कमला सोहोनी, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत दाखल झाल्या. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी त्यांना आधी प्रवेश नाकारला होता आणि नंतर अटी घालून दिला, ही हकीकत मराठी वाचकांच्या परिचयाची आहे. तेथे त्यांनी दूध व डाळी यांतील प्रथिनांवर काम केले. त्या काळाचा प्रश्न हाच होता: गरीब भारतीयाच्या ताटात प्रथिने कोठून यावीत? २१ ऑक्टोबर १९५० रोजी म्हैसूरच्या चेलुवांबा महालात केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली, तेव्हाही हाच प्रश्न तिच्यासमोर होता. व्ही. सुब्रह्मण्यन हे तिचे पहिले संचालक. म्हशीच्या दुधापासून अर्भकांना मानवेल अशी भुकटी तयार करणे हे संस्थेच्या प्रारंभीच्या कामांपैकी एक. म्हशीच्या दुधातील स्निग्धांश जास्त आणि त्याचे विरजण घट्ट. अर्भकाच्या पोटासाठी दोन्ही सौम्य करणे आवश्यक होते. आयात होणाऱ्या डब्यांना देशी पर्याय या संशोधनातून मिळाला आणि आणंदच्या ‘अमूल’ने तो बाजारात आणला. पुढे संस्थेने ‘मिल्टोन’ हे पेय सिद्ध केले. जनावराच्या दुधात भुईमुगाचे प्रथिन मिसळून दुधाचा पुरवठा वाढवावा, ही त्यामागची कल्पना होती. १९७० च्या दशकात बंगळूरसारख्या शहरांच्या दुग्धालयांतून ते तयार होत असे.

मिल्टोनच्या इतिहासात एक विरोधाभास दडलेला आहे. दुधाच्या टंचाईवर उपाय म्हणून जे पेय निर्माण झाले, त्यात जनावराचे दूध विरळ झाल्यामुळे दुग्धशर्करेचे प्रमाणही उतरले होते. ज्यांना दूध पचत नाही त्यांच्यासाठी ते नकळत अधिक सौम्य होते. त्याच वेळी त्यात मिसळलेला भुईमूग हा पाश्चात्त्य देशांत घातक ॲलर्जीचे एक प्रमुख कारण म्हणून पुढे गाजला. प्रयोगशाळेने टंचाईचा प्रश्न विचारला होता आणि उत्तर टंचाईचे मिळाले. पचणे आणि बाधणे हे दोन्ही प्रश्न त्या उत्तरात न विचारता शिरले होते. १९७० मध्ये ‘दुधाचा महापूर’ योजना सुरू झाली, तेव्हाही राष्ट्रीय चर्चेचा विषय दूध पुरेसे मिळते की नाही हाच राहिला.

तथापि पचण्याच्या प्रश्नाला दक्षिणी स्वयंपाकघराने फार पूर्वीच उत्तर दिलेले दिसते. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दक्षिण भारतीय निरोगी प्रौढांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांना दुग्धशर्करा सोसत नसल्याचे आढळले. उत्तरेत हे प्रमाण एक-चतुर्थांशाच्या आसपास होते. २०१२ मधील जनुकीय अभ्यासाने यास दुजोरा दिला: लॅक्टेज टिकवणारे जनुकीय रूप भारतातही युरोपातलेच आहे आणि वायव्येकडून आग्नेयेकडे जाताना ते विरळ होत जाते. कर्नाटकातील जेवणाचा शेवट ताकभाताने होतो, त्याची सांगड या नकाशाशी घालता येते. विरजणातील जीवाणू दुग्धशर्करेचा काही भाग स्वतःच संपवतात आणि उरलेली फोडण्यासही मदत करतात. तुपात ती जवळजवळ नसतेच; म्हणून म्हैसूरपाक दुधाच्या गोडांपेक्षा अशा पोटाला सोपा जातो. आयुर्वेदाच्या निघंटूंनी क्षीर, दधि, तक्र, नवनीत, घृत यांचे स्वतंत्र वर्ग कल्पिले आणि प्रत्येकाचे गुणदोष निराळे सांगितले. सतराव्या शतकाच्या अखेरीस तंजावरच्या भोसले दरबाराशी संबंध आलेल्या रघुनाथ गणेश नवहस्त या मराठी पंडिताचा ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ याच परंपरेतला. चरकसंहितेतील ‘ओकसात्म्य’ ही संकल्पनाही येथे महत्त्वाची ठरते: सवयीने देहाला जे मानवू लागते ते. थोडे थोडे दूध नियमित घेतल्यास मोठ्या आतड्यातील जीवाणूंची घडण बदलते आणि त्रास कमी होऊ शकतो, ही आधुनिक निरीक्षणेही त्याच दिशेने जातात.

परंतु ओकसात्म्याचे हे तत्त्व बाधण्याला लागू करणे धोक्याचे आहे, आणि येथे म्हैसूरच्या इतिहासाचा दुसरा भाग सुरू होतो. कन्नडमध्ये ‘ओग्गुवुदिल्ल’ म्हणजे मानवत नाही. ‘नंजु’ म्हणजे विष, आणि खाज किंवा चिघळ वाढवणाऱ्या पदार्थांनाही तोच शब्द लावतात. मराठीतील ‘गांधी’ आणि कन्नडमधील ‘पित्तद गंधे’ यांतील ध्वनिसाम्य लक्षात येण्याजोगे आहे. दोन्ही भाषांनी अंगावर उठणाऱ्या या चट्ट्यांचा संबंध पित्ताशी जोडला, आणि माधवनिदानाने त्यांना शीतपित्त, उदर्द व कोठ या नावांनी ओळखले. वांगे हा या ‘नंजु’ पदार्थांपैकी एक. महाराष्ट्रात चातुर्मासात वांगे वर्ज्य असते ते व्रत म्हणून. कर्नाटकात खरजेच्या माणसाला ते नाकारले जाते ते औषध म्हणून. अन्न तंत्रज्ञान संस्थेतील वाय. पी. वेंकटेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जेएसएस वैद्यकीय महाविद्यालयाच्या पी. ए. महेश यांच्यासह २००८ मध्ये वांग्यावरील पाहणी प्रसिद्ध केली. तपासलेल्या ७४१ व्यक्तींपैकी जवळपास एक-दशांश जणांत वांग्याविषयी संवेदनशीलता आढळली आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण अधिक होते. मात्र आयजीईमुळे घडणारी खरी ॲलर्जी एक टक्क्याहूनही कमी होती. वांग्यात मुळातच हिस्टामीनसारखी द्रव्ये असतात, त्यामुळे ॲलर्जी नसतानाही खाज सुटू शकते. लोकानुभव खोटा नव्हता. त्याचे कारण मात्र नेहमी एकच नव्हते.

महेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांची २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली मोठी पाहणी हीच गोष्ट व्यापक पातळीवर मांडते. कर्नाटकातील २० ते ५४ वयोगटातील ११,७९१ प्रौढांना आरंभीची प्रश्नावली देण्यात आली. त्यांतील ५८८ जणांचे रक्त २४ खाद्यपदार्थांसाठी तपासले गेले. २६.५ टक्के लोकसंख्येत कोणत्या ना कोणत्या अन्नाविषयी प्रतिपिंडे आढळली. हे प्रमाण युरोपातील प्रौढांपेक्षा सामान्यतः जास्त होते. परंतु प्रतिपिंड आणि प्रत्यक्ष त्रास यांची जोडी फक्त १.२ टक्क्यांत जमली, आणि त्यात गायीचे दूध व सफरचंद हे प्रत्येकी ०.५ टक्के होते. संशोधकांनी या जोडीलाही ‘संभाव्य’ असेच विशेषण लावले. रक्ताची चाचणी एक भाषा बोलते आणि देहाची तक्रार दुसरी. दोहोंची साक्ष जुळल्याशिवाय निर्णय करता येत नाही. केवळ रक्ताच्या अहवालावर ज्याच्या ताटातून दहा पदार्थ काढले जातात, त्याच्यावर अपुऱ्या भाषांतराने अन्याय होतो.

हा प्रश्न केवळ शब्दकोशाचा नाही. १ ऑगस्ट २०१३ रोजी कर्नाटक सरकारने ‘क्षीरभाग्य’ योजना सुरू करून शाळकरी मुलांना १५० मिलिलिटर दूध देण्यास आरंभ केला. एवढ्या दुधात सुमारे सात ग्रॅम दुग्धशर्करा असते. लॅक्टेज न टिकणारी बहुतेक माणसे एका वेळी बारा ग्रॅमपर्यंत फारसा त्रास न होता सोसतात, असा निष्कर्ष २०१० मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञपरिषदेने मांडला. म्हणजे ज्या मुलाला दूध ‘पचत नाही’ त्याच्यासाठी ही मात्रा बहुधा सुसह्य आहे आणि पोट कुरकुरल्यास दही-ताकाचा मार्ग मोकळा आहे. ज्या मुलाला दूध ‘बाधते’ त्याच्यासाठी मात्र एक घोटही जास्त ठरू शकतो. त्याला दही, ताक, खवा यांपैकी काहीही चालेल असे गृहीत धरता येत नाही. म्हशीच्या वा शेळीच्या दुधातील प्रथिने गायीच्या दुधातील प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात, की ‘दुसरे दूध देऊन पाहा’ हा घरगुती सल्ला जिवावर बेतू शकतो. पहिल्या मुलाला ‘ॲलर्जी’ म्हटले तर त्याचे दही-ताक विनाकारण तुटते; दुसऱ्याला ‘हळूहळू सवय होईल’ म्हटले तर त्याचा जीव पणाला लागतो. दोन्ही चुका एकाच शब्दातून जन्मतात.

कायद्यानेही ही गुंतागुंत पूर्णपणे सुटत नाही. २०२० च्या केंद्रीय नियमांनी वेष्टनावर दूध, अंडे, मासे, भुईमूग, सोयाबीन आदी ॲलर्जीकारक पदार्थांचा उल्लेख अनिवार्य केला. ही यादी मुख्यतः आंतरराष्ट्रीय मानकांच्या धर्तीवर आहे. म्हैसूरच्या पाहणीतले वांगे तीत नाही. शिवाय वेष्टनावरील ‘दूध’ हा शब्द प्रथिने आणि शर्करा यांत भेद करीत नाही. भेद वाचणाऱ्याला करावा लागतो, आणि त्यासाठी त्याच्या भाषेत दोन शब्द असावे लागतात.

मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत ते आहेत. पारिभाषिक शब्द घडवणाऱ्या पिढीने ग्रीक व्युत्पत्तीला संस्कृत प्रतिरूप शोधले आणि रोजच्या क्रियापदांकडे तिचे लक्ष गेले नाही. ‘बाधणे’ ॲलर्जीसाठी आणि ‘न पचणे’ दुग्धशर्करेसाठी अशी काटेकोर वाटणी आज शास्त्राला करता येईल, असे नाही. परंतु वैद्याने रुग्णाला ‘बाधते की पचत नाही?’ असा साधा प्रश्न विचारला, तर पुढच्या अनेक चाचण्यांची दिशा त्या उत्तराने ठरू शकते. म्हैसूरच्या प्रयोगशाळांनी सात दशकांत मोजमापाने जो भेद प्रस्थापित केला, त्याचे बीज घरच्या बोलीत होते. ते जपणे हे भाषाभ्यासकांचे काम आहे, आणि त्याचा उपयोग शाळेतल्या त्या पेल्यापर्यंत पोहोचतो.