गँट्स हिलचा बोगदा आणि ओझरचा कारखाना

इल्फर्डमध्ये राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांचा दिवस सेंट्रल लाइनने सुरू होतो आणि तिनेच मावळतो. गँट्स हिलला सरकत्या जिन्याने खाली उतरायचे, जागा मिळाली तर बसायचे, आणि रेडब्रिज, वॉन्स्टेड मागे टाकत लंडन गाठायचे. या बोगद्यात एके काळी लढाऊ विमानांचे सुटे भाग बनत होते, हे मला इथे येऊन बरीच वर्षे होईपर्यंत माहीत नव्हते. मुलीच्या शाळेत दुसऱ्या महायुद्धावर प्रकल्प होता, त्या निमित्ताने ते कळले.

युद्ध सुरू झाले तेव्हा बोगदा खणून तयार होता, पण त्यात रूळ पडले नव्हते. इल्फर्डच्या व्हिकरेज लेनवरच्या प्लेसी कंपनीच्या कारखान्याला बॉम्बहल्ल्यांची झळ लागली, तेव्हा सरकारने हा बोगदा कंपनीला दिला. १९४२ पासून लेटनस्टोन ते गँट्स हिल असा सुमारे पाच मैलांचा कारखाना जमिनीखाली चालू झाला. दोन हजारांच्या आसपास कामगार, त्यांत बहुसंख्य स्त्रिया. कच्चा माल आणि तयार भाग वाहून न्यायला आत छोटी आगगाडीसुद्धा होती. युद्ध संपले, यंत्रे बाहेर निघाली, आणि १४ डिसेंबर १९४७ रोजी याच बोगद्यातून प्रवाशांची गाडी धावली.

त्या उन्हाळ्यात आमचे अण्णा नाशिकहून आले होते. त्यांची सारी नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात गेली. १९६६ साली फिटर म्हणून लागले, ते निवृत्तीपर्यंत तिथेच. मी त्यांना गँट्स हिलच्या फलाटावर उभे करून ही हकिगत सांगितली. त्यांनी भिंतीला हात लावून पाहिला आणि म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडेही एक ओझर होतं म्हणायचं!"

मुलीने लगेच विचारले, "आजोबा, पण भारताने विमानं रशियाची का बनवली? इंग्लंडची का नाही?"

अण्णा हसले. "बाळा, त्याची गोष्ट फार लांब आहे." घरी परतल्यावर चहाबरोबर ती गोष्ट झाली. पुढे मी त्याबद्दल मिळेल ते वाचत गेलो. या वर्षीच्या अंकासाठी तीच लिहून काढतो आहे.

शस्त्रे विकत घेणे ही साधी खरेदी नसते, हे सर्वांत आधी कुणाला कळले असेल तर ते ब्रिटनलाच. १९४० च्या सप्टेंबरात अमेरिकेने ब्रिटनला पन्नास जुन्या विनाशिका दिल्या आणि बदल्यात ब्रिटिश वसाहतींमधले तळ ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतले. युद्धानंतर १९४६ साली काढलेल्या अमेरिकी कर्जाचा शेवटचा हप्ता ब्रिटनने २००६ च्या डिसेंबरात फेडला. मैत्री खरी होती, पण हिशेबही खरा होता.

आता आपल्याकडचे १९६२ साल पाहू. चीनचे सैन्य ईशान्येत खाली उतरत होते. १९ नोव्हेंबरला पंडित नेहरूंनी अध्यक्ष केनेडींना एकाच दिवशी दोन पत्रे पाठवली. त्यांत लढाऊ विमानांच्या बारा स्क्वाड्रन मागितल्या होत्या. अलिप्ततेचा आयुष्यभर पुरस्कार केलेल्या माणसाला हे लिहिताना काय वाटले असेल! दोन दिवसांनी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. त्याच सुमारास महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण मुंबई सोडून दिल्लीत संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे आपण आजही अभिमानाने म्हणतो. पण सह्याद्रीच्या हाती तेव्हा काय आले, हे क्वचितच सांगितले जाते. हाती आली ती पराभूत सेना, जुनी विमाने आणि मदतीच्या आश्वासनांची चळत.

मदतीला अटी होत्या. नोव्हेंबर संपण्याआधी अमेरिकेचे ॲव्हरेल हॅरिमन आणि ब्रिटनचे मंत्री डंकन सँडिस दिल्लीत आले, रावळपिंडीलाही गेले. शस्त्रांबरोबर त्यांनी काश्मीरचा प्रश्न पुढे केला. २९ नोव्हेंबरला नेहरू आणि अयूब खान यांचे संयुक्त निवेदन निघाले आणि मे १९६३ पर्यंत स्वर्णसिंग आणि भुट्टो यांच्यात चर्चेच्या सहा फेऱ्या झाल्या. निष्पन्न काहीच झाले नाही.

डिसेंबरात बहामातील नसाऊ येथे केनेडी आणि ब्रिटनचे पंतप्रधान मॅकमिलन भेटले. तिथे भारताला बारा कोटी डॉलरची तातडीची लष्करी मदत द्यायचे ठरले. निम्मी अमेरिकेने, निम्मी ब्रिटन व राष्ट्रकुलाने द्यायची. पण या भेटीत मॅकमिलन स्वतःच याचक होते. ज्या स्कायबोल्ट क्षेपणास्त्रावर ब्रिटनने आपल्या अण्वस्त्रांची भिस्त ठेवली होती, ते अमेरिकेने परस्पर रद्द केले होते. त्याऐवजी पोलारिस मिळवण्यासाठी त्यांना अक्षरशः झगडावे लागले. म्हणजे एकाच टेबलावर ब्रिटन एका हाताने देत होता आणि दुसऱ्या हाताने मागत होता.

यशवंतरावांनी पुढच्या दोन वर्षांत तीन दारे ठोठावली.

पहिले दार वॉशिंग्टनचे. १९६४ च्या मे महिन्यात ते तिथे गेले. हवाई दलाला स्वनातीत, म्हणजे आवाजापेक्षा वेगाने उडणारे एफ-१०४ हवे होते. १९५४ च्या करारानंतर पाकिस्तानला अमेरिकेकडून सेबर विमाने आणि पुढे डझनभर एफ-१०४ मिळाली होती. ही शस्त्रे भारताविरुद्ध वापरली जाणार नाहीत, अशी हमी आयझेनहॉवर यांनी १९५४ सालीच नेहरूंना पत्राने दिली होती. पण भारताने तेच विमान मागितल्यावर, ते तुम्हाला परवडणार नाही, तुमच्या गरजेचेही नाही, असे उत्तर मिळाले. बोलणी चालू असतानाच २७ मे रोजी नेहरू गेल्याची बातमी आली आणि यशवंतराव तातडीने परतले. पुढे कर्ज आणि इतर साहित्य मिळाले, एफ-१०४ नाही.

दुसरे दार मॉस्कोचे. मिग-२१ चा पहिला करार १९६२ च्या ऑगस्टमध्येच झाला होता आणि १९६३ मध्ये चंडीगढला त्याची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली होती. पण चीनच्या युद्धाच्या ऐन दिवसांत रशियाही चीनकडे झुकलेला दिसला होता, त्यामुळे भरवसा कितपत ठेवायचा हा प्रश्न होताच. यशवंतराव १९६४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात मॉस्कोला गेले आणि मिग भारतात बनवण्याचा करार पक्का झाला. पैसे दीर्घ मुदतीच्या कर्जाने, तेही रुपयांच्या व्यवहारात. डॉलर आणि पौंडांचा खडखडाट असलेल्या देशाला हे फार मोलाचे होते.

तिसरे दार आपल्या लंडनचे. १९६४ च्या नोव्हेंबरात ते इथे आले ते मुख्यतः आरमारासाठी. माझगाव गोदीत लिअँडर जातीच्या युद्धनौका बांधायला ब्रिटनने कर्ज आणि तंत्रज्ञान दिले. त्यातली पहिली 'नीलगिरी' १९६८ मध्ये पाण्यात उतरली आणि १९७२ मध्ये नौदलात दाखल झाली. आधुनिक पाणबुड्या मात्र परवडतील अशा अटींवर ब्रिटनकडून मिळाल्या नाहीत. त्या रशियाने दिल्या आणि १९६७ च्या डिसेंबरात 'कलवरी' नौदलात दाखल झाली.

या तीन दारांची परीक्षा वर्षभरातच झाली. १९६५ च्या सप्टेंबरात पाकिस्तानशी युद्ध पेटले. अमेरिकेने दोन्ही देशांचा शस्त्रपुरवठा थांबवला. ब्रिटननेही भारताला शस्त्रे पाठवणे बंद केले. पंतप्रधान विल्सन यांच्या निवेदनाचा तर दिल्लीत भलताच राग आला. आयझेनहॉवरच्या हमीतली सेबर विमाने पंजाबच्या आकाशात होती. त्यांना भिडले ते छोटेसे नॅट विमान. हॅम्पशायरमधल्या फॉलंड कंपनीचे हे विमान ब्रिटिश हवाई दलाने लढाऊ म्हणून घेतलेच नाही. त्याचा प्रशिक्षणाचा प्रकार घेतला आणि 'रेड ॲरोज'ने त्यावर कसरती केल्या. भारताने मात्र ते बंगळूरला स्वतः बनवायला घेतले होते. त्यामुळे ब्रिटनने हात आखडता घेतला तरी नॅट उडत राहिले.

बंगळूरचाच धडा पुढे ओझरला गिरवला गेला. यशवंतराव १९६३ मध्ये नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले होते. कारखाना ओझरला आला याचे श्रेय नाशिककर आजही त्यांना देतात. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओरिसातल्या कोरापुटला आणि विजेची उपकरणे हैदराबादला, अशी वाटणी झाली. अण्णा सांगतात, सुरुवातीला रशियाहून खोक्यांतून आलेले भाग नुसते जोडायचे. नकाशे रशियन भाषेत, शिकवणारेही रशियन. हातवाऱ्यांनी काम चाले. द्राक्षे आणि कांदा पिकवणाऱ्या गावांतली पोरे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची भाषा बोलू लागली. हळूहळू भागही इथेच बनू लागले.

मिगच्या पंखाखालचे के-१३ क्षेपणास्त्र तर राजकारणाचा अजब नमुनाच. १९५८ मध्ये तैवानच्या सामुद्रधुनीत एक अमेरिकी साइडवाइंडर चिनी मिगमध्ये न फुटता रुतून बसले. चीनने ते रशियाला दिले, रशियाने त्याची नक्कल केली आणि ती नक्कल भारताकडे आली. अमेरिकेने जे पाकिस्तानला दिले, त्याचेच भावंड आपल्याला असे वळसा घालून मिळाले.

१२ डिसेंबर १९७१ रोजी जामनगरजवळ भारताच्या मिग-२१ ने पाकिस्तानचे एफ-१०४ पाडले. सात वर्षांपूर्वी आपल्याला नाकारलेले ते हेच विमान. हे सांगताना अण्णांचा आवाज आजही चढतो.

पण गोष्ट इथेच थांबवली तर ती अर्धवट राहील. रशियाचेही राजकारण होतेच. १९६८ मध्ये त्याने पाकिस्तानला शस्त्रे द्यायचे ठरवले, आणि १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळल्यावर आपली विमाने सुट्या भागांसाठी ताटकळली. कधी नकार तिसऱ्याच दारातून येतो. १९७८ मध्ये स्वीडनचे व्हिगेन विमान स्पर्धेत असताना अमेरिकेने ते भारताला विकू दिले नाही, कारण त्याचे इंजिन मूळ अमेरिकी आराखड्याचे होते. शेवटी ब्रिटन आणि फ्रान्सचे जॅग्वार घेतले गेले. १९९८ च्या पोखरणनंतर ब्रिटिश बनावटीच्या सी किंग हेलिकॉप्टरांचे भाग अमेरिकी निर्बंधांत अडकले.

शिवाय विकणाऱ्याइतकाच घेणाऱ्याचाही दोष असतो. नव्या वैमानिकांना मिगवर बसवण्याआधी प्रगत प्रशिक्षण विमान हवे, अशी शिफारस १९८२ मध्ये झाली होती. ब्रिटनच्या हॉक विमानाचा करार व्हायला २००४ चा मार्च उजाडला. बोफोर्स प्रकरणानंतर फाइलवर सही करायला कुणी धजेना, असे म्हणतात. मधल्या बावीस वर्षांत मुले साध्या विमानावरून एकदम मिगवर जात राहिली. १७ सप्टेंबर २००१ रोजी राजस्थानात मिग-२१ च्या अपघातात मुंबईचे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ गेले. हवाई दलाने चूक वैमानिकाची ठरवली. ती त्यांच्या आई-वडिलांना मान्य नव्हती, आणि कविता गाडगीळ यांनी मुलाच्या नावासाठी वर्षानुवर्षे लढा दिला. अण्णांसमोर हा विषय निघाला की ते गप्प होतात. एकदाच म्हणाले, "आम्ही प्रत्येक रिव्हेट तपासून मारायचो रे. पण बातमी आली की त्या रात्री जेवण जायचं नाही."

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगढला मिग-२१ ने निरोप घेतला. अण्णांनी तो सोहळा नाशिकला टीव्हीवर पाहिला, आम्ही इथे फोनवर त्यांच्याबरोबर. तीनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, ओझरला बनलेले पहिले तेजस मार्क-१ए आकाशात गेले. आराखडा आपला, इंजिन मात्र अमेरिकेचे, आणि ती इंजिने वेळेवर न आल्यामुळे विमाने रखडली. त्याच महिन्यात ब्रिटनचे पंतप्रधान स्टार्मर मुंबईत असताना, बेलफास्टला बनणाऱ्या हलक्या क्षेपणास्त्रांचा ३५ कोटी पौंडांचा करार भारताबरोबर जाहीर झाला. इथल्या बातम्यांत भर होता तो उत्तर आयर्लंडमधल्या सातशेहून अधिक नोकऱ्यांवर.

आपण इथे कर भरतो, म्हणजे एका अर्थी विकणाऱ्याच्या घरात राहतो. आपली माणसे मात्र घेणाऱ्याच्या घरात आहेत. त्यामुळे अशा कराराची बातमी आली की नुसत्या आकड्याने हुरळून जाऊ नये. हे युद्धात थांबवता येईल का? बनवण्याची विद्या मिळणार आहे का? आणि सही व्हायला किती वर्षे लागली? हे तीन प्रश्न विचारावेत. यशवंतरावांनी तीन दारे ठोठावली, कारण एकाच दारावर विसंबण्याची किंमत त्यांनी पाहिली होती. आणि जे मिळाले त्यातून त्यांनी कारखाना मागितला, हे मला त्यांचे मोठेपण वाटते.

मुलीने प्रकल्पात शेवटी दोन चित्रे शेजारी शेजारी लावली होती. एक बोगद्यात काम करणाऱ्या स्त्रियांचे, दुसरे ओझरच्या फाटकाशी सहकाऱ्यांबरोबर उभ्या असलेल्या तरुण अण्णांचे. शिक्षिकेने विचारले, हे दुसरे कुठले? तिने सांगितले, "माझ्या आजोबांच्या गँट्स हिलचे."